स्वयंपाकघरासकट समुद्र

कुणाच्याही घरी गेले की अंकल आधी टेबलावरचा काचेचा ग्लास उचलायचे आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. तहान लागलेली नसायची. ते डाग शोधत असायचे. सापडला तर बोलायचे काहीच नाहीत. खिशातला रुमाल काढून ग्लास पुसायचे, होता तिथे ठेवायचे आणि घरच्या बाईकडे पाहून इतकं गोड हसायचे, की पुढचे आठ दिवस तिने घरातलं प्रत्येक भांडं दोनदा घासावं. मी घासली आहेत, म्हणून सांगते.

अल बर्शातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे वसईचे. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, म्हणजे लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या आणि शेकडो पाहुण्यांच्या पंगती सांभाळणारा माणूस. इमारतीतले सगळे त्यांना अंकल म्हणत आणि त्यांच्या बायकोला आंटी. मला ते ‘बाय’ म्हणायचे, वसईकडे लेकी-बहिणींना म्हणतात तसं. माझ्या नवऱ्याला, मंदारला, ‘बॉस’ म्हणायचे. मंदार ऑफिसात कुणाचाच बॉस नसल्यामुळे त्याला ते फार आवडायचं.

‘अंकल आहे ना? मग खलास,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐन उन्हाळ्यात इमारतीचा एसी बंद पडला आणि मेंटेनन्सवाले फोन उचलेनात, तेव्हा अंकलनी आपला खास हॉटेलातला आवाज काढला. आमच्या गेस्टना जरा त्रास होतोय, एवढंच त्यांनी अत्यंत नम्रपणे फोनवर सांगितलं. समोरच्याला वाटलं, इमारतीत कुणी बडी असामी उतरली आहे. थोड्याच वेळात चार माणसं धावत आली आणि त्यातल्या एकाने येताना ज्यूसचा खोका आणला होता. एसी सुरू झाल्यावर अंकलनी तो ज्यूस मजल्यावरच्या सगळ्या मुलांना वाटला, ‘विथ कॉम्प्लिमेंट्स’ म्हणून.

त्यांच्या घरची पार्टी संपवण्याची पद्धतही हॉटेलातलीच होती. पाहुणे उठायचं नाव घेईनात, की अंकल हसतमुखाने रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागायचे. मग ज्यांच्यावर कुणी बसलंय त्या खुर्च्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे. आजवर त्या जागी कुणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकलेलं मी पाहिलं नाही.

असा हा माणूस स्वतः मात्र कधी सुट्टीला जात नसे. म्हणजे दरवर्षी वसईला जायचे, पण तिथे भाच्यांची लग्नं, घराची डागडुजी आणि नातेवाइकांची भांडणं. परत यायचे ते थकून. मंदारने एकदा त्यांना विचारलं, की आपल्या ओळखीने एखाद्या मस्त हॉटेलात का राहत नाही. अंकल म्हणाले, “बॉस, तुम्ही सुट्टीत ऑफिसात जाऊन झोपता का?”

त्यांची एकुलती एक मुलगी, रीना, इथेच वाढलेली. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. ती स्पेनमध्ये एका मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे, असं अंकलनी इमारतीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला तरी तळमजला यायच्या आत ही माहिती त्याला मिळालेली असायची. आंटी अशा वेळी लिफ्टची बटणं वाचत बसायच्या. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण शेजाऱ्यांची मुलं काय करतात, हे आपण ऐकून घेतो, तपासत कोण बसतं?

आणि एके दिवशी अंकल फोन घेऊन आमच्याकडे आले. फोनवर एका पांढऱ्याशुभ्र घराचा फोटो होता. स्पेनच्या दक्षिण टोकाला, समुद्राजवळ. तीन खोल्या, अंगण, अंजिराचं झाड आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचे फोटो त्यांनी आम्हाला तीनदा दाखवले. शाळा सुटल्या की दहा दिवस तिथे जायचं, दोन्ही घरांनी मिळून, असं त्यांनी आमच्या वतीनेही ठरवून टाकलं होतं. बीचवर म्हणे काहीच नव्हतं. हॉटेल नाही, दुकान नाही, छत्र्या नाहीत, टेकडी ओलांडून चालत जायचं, की नुसता समुद्र.

मंदारने समुद्र इथेही आहे असं बोलून पाहिलं. त्यावर अंकल म्हणाले, की ज्याच्या काठावर बर्गर मिळतो त्याला समुद्र म्हणत नाहीत, तो स्विमिंग पूल. मग मंदारने भाडं दिरहममधून रुपयांत करून मोठ्याने सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. माझी दहा वर्षांची ईरा एवढंच म्हणाली, “इज देअर वायफाय?” वायफाय होतं. ठरलं.

स्वयंपाक आपणच करायचा, हे ऐकून मात्र माझा चेहरा पडला होता. सुट्टीतही तेच. अंकलनी ते ओळखलं. “बाय, तू पाय वर करून बसायचं. अंकल आहे ना? मग खलास.”

त्यांनी सूटकेसमध्ये कपडे किती घेतले होते ते देव जाणे. बाकी तांदूळ, कोकम, तवा, स्वतःची सुरी आणि बाटली मसाल्याच्या तीन बाटल्या. उन्हाळ्यात कुटून, बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवायचा तो वसईचा मसाला. एवढी तयारी पाहूनही मला संशय आला नाही, हे मी आधीच कबूल करते.

विमानतळावरून भाड्याच्या गाडीने निघालो. वाटेत उघडेबोडके तपकिरी डोंगर, काटेरी झुडपं आणि मधूनच एखादी शेळी. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून मंदार म्हणाला, “हे तर फुजैरा आहे. दुबईहून दोन तासांवरचं फुजैरा बघायला आपण विमानाने आलो.” त्यानंतर दहाही दिवस, समोर काहीही आलं तरी, तो ‘फुजैरा’ एवढंच म्हणत असे.

घराची मालकीण शेजारच्याच घरात राहायची. उंचीने लहान, आवाजाने मोठी, कोंबड्या पाळलेल्या म्हाताऱ्या बाई. आम्ही त्यांना सेन्योरा म्हणायचो. त्यांच्याशी बोलायची जबाबदारी अर्थातच अंकलची होती, कारण त्यांचं स्पॅनिश फर्स्टक्लास होतं. त्यांच्या हॉटेलात पूर्वी एक स्पॅनिश शेफ होता आणि तो रोज सकाळी अंकलना त्याच्या भाषेत गुड मॉर्निंग करायचा. ते वाक्य अंकलना तोंडपाठ होतं. त्यांनी छातीवर हात ठेवला, कमरेत किंचित वाकले आणि सेन्योरांना ते वाक्य ऐकवलं.

सेन्योरांच्या भुवया केसांत गेल्या. ईराने फोनमधल्या भाषांतराच्या अॅपकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “आई, ही सेड, मूव्ह युअर बॅकसाइड, यू लेझी डाँकी.”

मग सेन्योरा अशा हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. अंकल मात्र विचारात पडले होते. “म्हणजे इतकी वर्षं तो मला रोज सकाळी हेच म्हणत होता?” ते म्हणाले. “आणि मी रोज त्याला थँक यू म्हणायचो.” मग त्यांनाही हसू फुटलं आणि ते सेन्योरांपेक्षा जास्त वेळ हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडी ओलांडून तो समुद्र बघायला गेलो. अंकल खोटं बोलले नव्हते. खरंच काही नव्हतं. काळे खडक, सोनेरी वाळू आणि तळ दिसेल इतकं निर्मळ पाणी. बाकी माणसं म्हणाल तर दोनच, एक वयस्क जोडपं. ते खडकाच्या सावलीत वर्तमानपत्र वाचत बसलं होतं आणि त्या वर्तमानपत्राखेरीज त्यांच्या अंगावर काहीही नव्हतं. बाईंच्या डोक्यावर फक्त एक मोठी हॅट होती.

मंदार समुद्राकडे पाठ करून डोंगर बघायला लागला. मी ईराचे डोळे झाकायला गेले, तर ती माझा हात बाजूला करून म्हणाली, “रिलॅक्स आई, इट्स अ नॅचरल बीच.” अंकल शांतपणे चटई पसरत होते. त्यांनी त्या जोडप्याला मानेनेच नमस्कार केला आणि आम्हाला समजावलं, की त्यांना उकडत असेल. आंटींनी क्रूसाची खूण केली, छत्री उघडून मधे आडवी धरली आणि संपूर्ण सकाळ त्या छत्रीमागे बसून राहिल्या. जेवताना मात्र त्या मला म्हणाल्या, की त्या बाईची हॅट छान होती, कुठे मिळते विचारायला हवं होतं.

मग स्वयंपाकघराचं दार निखळलं. अंकल सेन्योरांना हातवारे करून समजावत होते, दार उघडून दाखवत होते, बंद करून दाखवत होते. सेन्योरांना वाटलं याला थंडी वाजतेय, म्हणून त्या घरात जाऊन एक शाल घेऊन आल्या. शेवटी वैतागून अंकल मंदारला मराठीत म्हणाले, की अहो दाराची बिजागरी गेलीय. “बिसाग्रा!” सेन्योरा ओरडल्या. त्यांच्या भाषेतही बिजागरीला जवळपास तेच म्हणतात. लगेच गेल्या आणि नवी घेऊन आल्या.

झालं. त्या क्षणापासून अंकलच्या मते स्पॅनिश ही मराठीच होती, फक्त घाईत बोललेली. ते एकेक शब्द घेऊन कुंपणाशी जायचे. बटाटा चालला. मेज चाललं. चमचा अजिबात चालला नाही. ‘पगार’ म्हटल्यावर सेन्योरांनी लगेच हात पुढे केला, कारण त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे देणं. अंकलनी त्या हातावर एक बटाटा ठेवला.

असं सगळं हसतखेळत चाललं असताना, तिसऱ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालताना आंटींनी माझा दंड धरला. आवाज एकदम खाली. त्यांनी जे सांगितलं, त्याने माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. रीना कुठल्याही हॉटेलात नव्हती. अंकलनी ओळखी वापरून लावून दिलेली नोकरी तिने सोडली होती आणि ती मातीची भांडी करायला शिकली होती. तिचं छोटं दुकान होतं, इथून गाडीने अगदी जवळच्या गावात. नोकरी सोडली तेव्हा अंकल फोनवर तिला म्हणाले होते, की करिअरची माती केलीस. त्यावर ती म्हणाली होती, हो, मातीच करायची आहे. त्यानंतर तीन वर्षं बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आंटी मात्र दर रविवारी चर्चहून आल्या की स्वयंपाकघरातून तिला गुपचूप फोन करायच्या.

अंकलनी सुट्टीसाठी नेमकी हीच जागा निवडली, ही आंटींच्या मते देवाची कृपा होती. आता गुरुवारी सकाळी सेन्योरांच्या गाडीतून, चर्च बघायला जाते असं सांगून, त्या लेकीला भेटून येणार होत्या. मी फक्त एवढंच करायचं, की अंकलना घरात अडकवून ठेवायचं. आणि काही कळू द्यायचं नाही.

मी शब्द दिला.

त्याच संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत असताना अंकल माझ्याजवळ येऊन बसले. इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, की आंटीला बोलायचं नाही, पण रीना इथेच जवळ राहते. मी डोळे मोठे करून आश्चर्य दाखवलं. फार बरं जमलं नसावं, पण ते स्वतःच इतके अस्वस्थ होते, की त्यांच्या लक्षात आलं नाही. दर रविवारी आंटी स्वयंपाकघरात फोनवर बोलायला लागल्या, की ते टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकायचे. गावाचं नाव त्यांना तिथूनच कळलं होतं. मग त्यांनी नकाशात ते गाव काढलं आणि त्याच्या जवळ, स्वयंपाकघर असलेलं घर शोधलं.

मी विचारलं, की सरळ तिला भेटायलाच का नाही आलात, हा एवढा खटाटोप कशाला.

“रुसलेल्या माणसाला हॉटेलात बोलावता येत नाही, बाय,” ते म्हणाले. “हॉटेलात माणूस कपडे करून येतो, मेनू वाचतो आणि निघून जातो. घरी बोलावलं तर ‘काय शिजलंय’ म्हणून तरी आत येतो.”

आणि आम्हाला का आणलं, तेही त्यांनी सांगून टाकलं. दोघंच आले असते, तर आपण तिच्यासाठी आलो हे तिला कळलं असतं. गर्दी असली की सुट्टी वाटते. थोडक्यात, आम्ही तिघं म्हणजे त्यांच्या बँक्वेटमधली शोभेची फुलं होतो.

बेत असा होता, की गुरुवारी सकाळी मासे आणायच्या निमित्ताने मी त्यांना गाडीने घेऊन जायचं. गुरुवारीच. बंदरावर ताजे मासे त्या दिवशी मिळतात म्हणून. आंटी घरीच असतील आणि मासे आणायला गेलो म्हटल्यावर त्यांना संशय येणार नाही.

मी सगळं मंदारला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणून मी म्हणत होतो, फुजैरालाच जाऊ.”

गुरुवारी सकाळी आंटी फुलाफुलांचा ड्रेस घालून, लिपस्टिक लावून सेन्योरांबरोबर चर्च बघायला गेल्या. अंकलनी त्यांना दाराशी उभं राहून निरोप दिला आणि गाडी वळली तशी मला खूण केली. बंदरावर त्यांनी बांगड्याच्या जातीचे मासे घेतले. प्रत्येकाचे कल्ले उघडून बघितले. मला बरंच वाटलं, कारण मला वेळच काढायचा होता. तिथून निघाल्यावर मी दोनदा मुद्दाम चुकीचं वळण घेतलं. पेट्रोल भरायला थांबले. मग टायरची हवा तपासली. शेवटी अंकल मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाले, की बाय, मासे मेलेत, आपण मरायच्या आत पोचू या.

गावात एका उताराच्या गल्लीत ते दुकान होतं. निळं दार, बाहेर कुंड्या मांडलेल्या. मी गाडी थोडी अलीकडे लावली. अंकल उतरले नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये शेकडो माणसांसमोर माइक हातात घेणारा हा माणूस माशांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसला होता.

“तू जा,” ते म्हणाले. “सांग, जेवायला ये. मी आलोय म्हणून सांगू नको. किंवा सांग. नको, राहू दे. आधी बघ, ती कशी आहे.”

मी आत गेले. आंटी एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी रीनाचे मातीने भरलेले दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले होते. फुलाफुलांच्या ड्रेसवर मातीचे पंजे उमटले होते. मला पाहिल्यावर त्यांचा रंगच उडाला. ते कुठायत, असं त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीत. सेन्योरा कोपऱ्यात कॉफी पीत होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण प्रसंग आमच्याआधी कळला होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि दाराकडे बघत राहिल्या.

दार उघडलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि अंकलना धीर निघाला नव्हता. त्यांनी आधी मला पाहिलं, मग आंटींना, मग लिपस्टिककडे पाहिलं आणि त्यांना सगळं चर्च समजलं. शेवटी त्यांनी रीनाकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. अंकलचा तोच चेहरा, तशीच जाड भुवई.

“मासे खराब होतील,” अंकल म्हणाले. “फ्रिज कुठे आहे?”

“डॅडी, तुमच्या मागे,” रीना म्हणाली. “लहान आहे.”

त्यांनी वळून पिशवी फ्रिजमध्ये कोंबली. त्याला गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लागला. फ्रिजचं दार उघडं ठेवून ते आमच्याकडे पाठ करून तसेच उभे होते. मग त्यांनी दार लावलं आणि शेजारच्या फळीवरचा एक निळा वाडगा उचलला.

“हे तू केलंस?”

“हो.”

“जड आहे.”

“तसंच हवं असतं ते.”

“बँक्वेटला नाही चालणार.”

“माहितीए मला.”

अंकलनी वाडगा दोन्ही हातांत फिरवून पाहिला. “घरी चालेल,” ते म्हणाले.

रीनाने त्यांच्या हातातून वाडगा काढून घेतला, फळीवर ठेवला आणि मातीच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. आंटी रडायला लागल्या. सेन्योराही रडायला लागल्या आणि मधूनच मला स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावत होत्या. मी मान डोलवत होते.

दुपारी अंजिराच्या झाडाखाली जेवण झालं. अंकलनी कुणालाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. बाटली मसाल्याचा वास भिंतीपलीकडे गेला आणि सेन्योरा न बोलावता आपली खुर्ची घेऊन आल्या. पांढऱ्या शर्टात, हातावर नॅपकिन टाकून अंकल सगळ्यांना डावीकडून वाढत होते. ते असेच वाढायचे. पाहुण्यांचं झालं, की मागे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन घास खायचे. घरीसुद्धा. मी त्यांच्याकडे इतक्यांदा जेवले, पण त्यांना टेबलाशी बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ईराने रीनाला सरळ विचारलं, “अंकल सेड यू रन अ बिग हॉटेल. व्हेअर इज इट?”

मंदारला ठसका लागला. रीनाने वडिलांकडे पाहिलं. अंकल भाताचं पातेलं घेऊन उभे होते. ते अजिबात न डगमगता म्हणाले, की हॉटेलच आहे ते, लोक येतात, बसतात, कॉफी पितात, जातात. फक्त खोल्या नाहीत. रीना खूप हसली. हसता हसता तिने उठून त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि शेजारची खुर्ची मागे ओढली.

“बसा, डॅडी.”

“मी मागाहून खातो.”

“बसा ना.”

ते बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, पहिल्यांदाच मेजवानीला आलेल्या माणसासारखे. रीनाने त्यांना वाढलं. चुकीच्या बाजूने, उजवीकडून वाढलं. अंकलना ते दिसलं, त्यांनी तोंड उघडलं आणि भाताचा घास घालून पुन्हा बंद केलं.

उरलेले दिवस रीना रोज यायची. बापलेक स्वयंपाकघरात मोठमोठ्याने भांडायचे, मीठ किती यावरून, आणि आंटी बाहेर बसून ते भांडण एखाद्या भजनासारखं डोळे मिटून ऐकायच्या. आम्ही सकाळी समुद्रावर जायचो. ते जोडपंही रोज असायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला आंटींनी छत्री मिटली.

दुबईला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, की रीनाचं हॉटेल कसं आहे. मी श्वास रोखला. अंकल म्हणाले, “हॉटेल कुठलं? माझ्या मुलीने करिअरची माती केली. आणि इतकी चांगली केली, की लोक विकत घेतात.” बाईंचा मजला येऊन गेला, तरी त्या उतरल्या नाहीत.

पुढच्या वर्षी अंकल निवृत्त झाले. इथे आपल्याकडचा माणूस म्हातारा होत नाही, त्याचा व्हिसा संपतो. आयुष्य इथे गेलेलं असतं, मुलं इथे वाढलेली असतात आणि एक दिवस सगळं खोक्यांत भरून, भांडीकुंडी वाटून टाकून विमानात बसायचं असतं. अंकल-आंटी वसईला गेले. आता वर्षातले काही महिने रीनाकडे असतात. दुकानात अंकल गिऱ्हाइकांना कॉफी देतात म्हणे, आणि कुणी फार वेळ रेंगाळलं की त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात.

जायच्या दिवशी आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. आंटी गाडीत जाऊन बसल्या होत्या. अंकल शेवटचं कुलूप लावून मागे राहिले. मी त्यांना हाक मारायला गेले, तर ते रिकाम्या फ्लॅटच्या दाराच्या मुठीला काहीतरी अडकवत होते. हॉटेलातून निघताना त्यांनी आठवण म्हणून आणलेली ती दारावर टांगायची पाटी होती, ‘डू नॉट डिस्टर्ब’. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बूट न वाजवता लिफ्टकडे गेले.

पाटी तशीच राहिली. वॉचमनने ती काढली नाही, सफाईवाल्याने काढली नाही. मी तर रोज येता-जाता तिच्याकडे बघत होते. मग एका सकाळी दारात रंगारी उभा दिसला. नवा भाडेकरू येणार होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात किल्ली, आणि तो पाटी वाचत थांबला होता. मला बघून त्याने दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, अंदर कोई है क्या?”

“हां,” मी म्हटलं. “साहब सो रहे हैं. बाद में आना.”

त्याने मान हलवली, बादलीची कडी वाजू नये म्हणून ती हाताने दाबून धरली आणि चवड्यांवर चालत निघून गेला.